सीडी-रॉम तबकडी व घरगुती संगणक : यवतमाळ जिल्हा

प्रकाशीय पद्धतीने वाचली जाणारी आणि एकदा मुद्रित झाल्यावर जिच्यावर पुन्हा काही लिहिता येत नाही अशी १२ सेंमी. व्यासाची प्लॅस्टिकची तबकडी म्हणजे सीडी-रॉम होय. सुमारे १९९३ ते २०१० या काळात घरगुती संगणकावर आज्ञावली (सॉफ्टवेअर), कोश, शैक्षणिक पाठ व खेळ आणून बसविण्याचे हे मुख्य साधन होते. मोठ्या शहरांतून या साधनाचे राज्य थोडा काळच टिकले. आंतरजालाचा वेग वाढताच ते मागे पडले. यवतमाळसारख्या महानगरांपासून दूर असलेल्या जिल्ह्यात मात्र ते अधिक काळ उपयोगात राहिले. या जिल्ह्यात घरोघरच्या संगणकांवर मराठी लेखन प्रथम आले ते बहुतांशी याच तबकडीच्या मार्गाने. त्यामुळे तबकडी कशी बसवीत, ती कोठे अडत असे व तो अडथळा कसा दूर करीत, या तांत्रिक वाटणाऱ्या विषयाला मराठी मजकुराच्या जतनाचा एक महत्त्वाचा पैलू आहे. प्रस्तुत नोंदीत या दोहोंचा एकत्र विचार केला आहे. [⟶ संगणक].

यवतमाळ जिल्ह्याचे क्षेत्रफळ १३,५८२ चौ. किमी. असून २००१ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सु. २४.५८ लाख होती. जिल्ह्यात १६ तालुके आहेत. जिल्ह्याचे ठिकाण नागपूरपासून सु. १५० किमी. अंतरावर असून पुसद, उमरखेड, वणी, पांढरकवडा ही गावे जिल्ह्याच्या वेगवेगळ्या टोकांना विखुरलेली आहेत. कापूस हे मुख्य पीक. मराठीखेरीज बंजारा समाजाची गोरमाटी, तसेच गोंडी व कोलामी या भाषा येथे बोलल्या जातात. पुसद येथे १९८३ मध्ये आणि यवतमाळ येथे १९९६ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली व संगणक हाताळू शकणारा तरुण वर्ग जिल्ह्यातच तयार होऊ लागला. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना २००१ मध्ये झाली आणि त्याच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाची केंद्रे पुढे तालुक्याच्या गावांपर्यंत पोचली. ज्या घरांत कोणी कधी संगणक पाहिला नव्हता, त्या घरांतील मुलेमुली व शासकीय नोकर या केंद्रांतून संगणकाची पहिली ओळख करून घेऊ लागले. सुटे भाग जोडून केलेला, कोणत्याही मोठ्या निर्मात्याची मुद्रा नसलेला संगणक हाच घरगुती संगणकाचा सामान्य प्रकार होता. तो जोडून देणारा दुकानदारच त्याचा दुरुस्तीकार, आज्ञावली-पुरवठादार व शिक्षक अशा तिन्ही भूमिका बजावीत असे.

तबकडीची रचना : फिलिप्स व सोनी या कंपन्यांनी विकसित केलेली ध्वनितबकडी १९८२ मध्ये बाजारात आली. तीच तबकडी संगणकीय माहितीसाठी वापरण्याची कल्पना पुढच्या दोन-तीन वर्षांत मूर्त झाली. तबकडीची जाडी १.२ मिमी. असते. पारदर्शक पॉलिकार्बोनेटात अतिसूक्ष्म खाचा उठविलेल्या असतात. त्यांवर अॅल्युमिनियमचा पातळ थर, त्यावर लाखेसारखे संरक्षक लेपन व सर्वांत वर नाव छापलेले असते. खाचांची मालिका मध्यापासून बाहेरच्या कडेकडे जाणाऱ्या एकाच सर्पिल रेषेत असून दोन वेढ्यांतील अंतर १.६ मायक्रोमीटर असते. अवरक्त लेसर किरण (तरंगलांबी ७८० नॅनोमीटर) खालच्या बाजूने आत शिरून अॅल्युमिनियमवरून परावर्तित होतो. खाच व सपाट भाग यांच्या सीमेवर परावर्तित प्रकाशाची तीव्रता बदलते आणि त्या बदलांवरून माहिती वाचली जाते.

येथे एक लोकभ्रम नोंदविण्याजोगा आहे. तबकडीची चकचकीत बाजू नाजूक व छापील बाजू मजबूत, असे सर्रास मानले जाई आणि तबकडी छापील बाजूवर उताणी ठेवली जाई. वस्तुस्थिती उलट आहे. चकचकीत बाजूस एक मिलिमीटरहून जाड प्लॅस्टिकचे कवच असते व तिच्यावरील हलका ओरखडा किरणाच्या केंद्राबाहेर राहत असल्याने बहुधा बाधत नाही. छापील बाजूस मात्र धातूचा थर लेपनाच्या लगत खाली असतो. त्या बाजूवर टोकदार लेखणीने नाव घातले किंवा चिकटपट्टी लावून ओढली, की धातूच निघून येतो व त्या जागेची माहिती कायमची नष्ट होते.

तबकडीवरील प्रत्येक खंडात २,३५२ बाइट असतात. त्यांपैकी प्रत्यक्ष माहिती २,०४८ बाइट. उरलेल्या भागात खंडाचा पत्ता आणि चूक शोधून ती दुरुस्त करण्यासाठी लागणारी जादा माहिती असते. ध्वनितबकडीत एखादा क्षण गळाला तर यंत्र शेजारच्या ध्वनीवरून अंदाजाने तो भरून काढते व ऐकणाऱ्याला कळतही नाही. आज्ञावलीत तसा अंदाज चालत नाही. एक आकडा चुकला तरी ती निकामी होऊ शकते. म्हणून गाण्याच्या तबकडीत आहे त्याहून एक जादा दुरुस्ती-स्तर येथे घातलेला असतो. एका तबकडीत सु. ६५० मेगाबाइट माहिती मावे. १.४४ मेगाबाइटच्या साडेचारशे फ्लॉपी चकत्यांची बरोबरी ती एकटी करी. विंडोज ९५ ही १९९५ ची कार्यप्रणाली चकत्यांवर घेतल्यास तेरा चकत्या लागत आणि तेरांतील एक जरी बुरशीने वा चुंबकाने बिघडली तरी सगळी खटपट वाया जाई. तबकडीचे स्वागत का झाले, हे यावरून कळेल.

तबकडीवर माहिती कशी मांडावी याचे सर्वमान्य स्वरूप १९८८ मध्ये आयएसओ ९६६० या मानकाने निश्चित झाले. त्याच्या आधीच्या मसुद्याला ‘हाय सिएरा’ हे नाव होते. ते मसुदा करणारे लोक अमेरिकेतील ज्या हॉटेलात जमले त्याचे. कोशवाङ्‌मयाला या तबकडीने लवकर जवळ केले. ग्रोलियर कंपनीच्या कोशाची तबकडी-आवृत्ती १९८५ मध्ये, मायक्रोसॉफ्टचा एन्कार्टा १९९३ मध्ये व एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाची तबकडी-आवृत्ती १९९४ मध्ये निघाली. अनेक खंडांचा ग्रंथ विकत घेणे ज्यांच्या आवाक्याबाहेर होते, त्यांच्या टेबलावर तोच ग्रंथ एका चकतीत येऊन पडला.

जिल्ह्यातील प्रसार : विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सार्वजनिक आंतरजाल-सेवा सुरू केली, पण तिचा प्रारंभ महानगरांपुरता होता. पुढे दूरध्वनीच्या तारेवरून ती जिल्ह्याच्या गावांपर्यंत आली, तेव्हा तिचा कमाल वेग सेकंदाला ५६ किलोबिट होता. या वेगाने एक पूर्ण तबकडीभर माहिती उतरवून घ्यावयाची, तर मार्ग एकदाही न तुटता पंचवीस तासांहून अधिक वेळ लागला असता, आणि तोवर दूरध्वनीचे देयक चालूच राहिले असते. एस. टी. बसने नागपूर किंवा अमरावतीहून आणलेली तबकडी यापेक्षा पुष्कळच वेगवान ठरे. पीसी क्वेस्ट, चिप, डिजिट या संगणकविषयक इंग्रजी मासिकांबरोबर तबकडी मिळत असे. मासिकाचा अंक एकजण घेई व त्यातली तबकडी अनेक घरांतून फिरे. प्रतिलिपी करणारी यंत्रे स्वस्त झाल्यावर दुकानातून हस्तलिखित नावाच्या कोऱ्या तबकड्या वाटल्या जाऊ लागल्या. यांतील बहुसंख्य प्रती विनापरवाना असत, हे सांगितल्यावाचून हा इतिहास खरा होणार नाही. परवान्याची किंमत संगणकाच्या किमतीशी स्पर्धा करी आणि परवाना कशाला म्हणतात हे ग्राहकाला कोणी सांगतही नसे. या व्यवहाराची झळ पुढे ग्राहकालाच लागली; त्याचा उल्लेख पुढे येईल.

स्थापना, डॉस-काळ : १९९५ पूर्वीच्या संगणकाला सीडी-रॉम म्हणजे काय हे मुळात ठाऊकच नसे. वाचकयंत्र (ड्राइव्ह) बसविल्यावर डॉस कार्यप्रणालीला त्याची ओळख दोन टप्प्यांत करून द्यावी लागे. कॉन्फिग.सिस या फाइलीत वाचकयंत्राच्या नियंत्रक आज्ञावलीची (ड्रायव्हरची) ओळ घालून यंत्राला एक खूणनाव द्यावयाचे, आणि ऑटोएक्झेक.बॅट या फाइलीत एमएससीडीईएक्स ही आज्ञावली चालवून त्याच खूणनावाच्या यंत्राला ‘डी’ किंवा ‘ई’ असे अक्षर बहाल करावयाचे. दोन्ही ओळींतील खूणनाव अक्षरशः एक असावे लागे. एका अक्षराचा फरक पडला, की संगणक ते यंत्र नाहीच असे सांगे. त्यावेळच्या निम्म्या तक्रारींचे मूळ या एका अक्षरात असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

दुसरी अडचण स्मृतीची. डॉसच्या आज्ञावलींना प्रारंभीची ६४० किलोबाइट स्मृतीच वापरता येई. वाचकयंत्र, ध्वनिपट्टी (साउंड कार्ड), माउस यांच्या नियंत्रक आज्ञावली तिथेच ठाण मांडून बसल्यावर खेळाला किंवा कोशाला जागा उरत नसे. त्यांना वरच्या स्मृतीत हलविण्यासाठी ओळींचा क्रम पालटून पुन:पुन्हा संगणक सुरू करून पाहावा लागे. काहींनी यावर तोडगा म्हणून वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळ्या प्रारंभ-चकत्या करून ठेवल्या होत्या.

सुरुवातीची काही वाचकयंत्रे ध्वनिपट्टीलाच जोडली जात व प्रत्येक निर्मात्याची जोडणी निराळी असे. पुढे ती आयडीई जोडणीवर आली. एकाच केबलीवर स्थायी चकती (हार्ड डिस्क) व वाचकयंत्र असल्यास एकाला मुख्य व दुसऱ्याला दुय्यम ठरवावे लागे. त्यासाठी मागच्या बाजूच्या तीन जोड काट्यांवर प्लॅस्टिकची एक छोटी टोपी योग्य जागी बसवावयाची असे. दोन्ही यंत्रे मुख्य म्हणून लावली तर बहुधा एकही दिसत नसे. आणखी एक साधा दोष पुष्कळांना चकवी. खेळातील आवाज येत, पण तबकडीवरील संगीत ऐकू येत नसे. वाचकयंत्रापासून ध्वनिपट्टीपर्यंत जाणारी चार तारांची बारीक केबल जोडायची राहिलेली असे.

विंडोजचा काळ : विंडोज ९५ पासून वाचकयंत्र बहुधा आपोआप ओळखले जाऊ लागले व तबकडी घालताच स्थापना-आज्ञावली स्वतःहून सुरू होऊ लागली. सुरू न झाल्यास ‘माय कॉम्प्युटर’मधून तबकडी उघडून ‘सेटअप’ नावाची फाइल चालवावी, हे ज्ञान एमएस-सीआयटीच्या वर्गांतून सर्वतोमुखी झाले. तरीही कार्यप्रणालीच नव्याने घालावयाची वेळ आली, की जुना डॉस डोके वर काढी. विंडोज ९८ च्या प्रारंभ-चकतीत सर्वसाधारण वाचकयंत्रे ओळखणाऱ्या आज्ञावली होत्या, पण ती चकती स्मृतीत एक तात्पुरता विभाग तयार करी व त्यामुळे वाचकयंत्राचे अक्षर एका घराने पुढे सरके. नेहमी ‘डी’ असणारी तबकडी ‘ई’वर गेलेली असे, अनभिज्ञ माणूस ‘डी’वर शोधून तबकडी रिकामी आहे असा निष्कर्ष काढी. अनुभवी दुकानदार तबकडीवरील ‘विन९८’ हा सबंध संच आधी स्थायी चकतीवर उतरवून घेत व तेथूनच स्थापना करीत. यामुळे वाचन जलद होई, आणि पुढे मुद्रणयंत्र वा मोडेम जोडताना संगणकाने मूळ तबकडी मागितली तरी ग्राहकाला तीस-चाळीस किमी. वरून दुकानात यावे लागत नसे. तालुक्याच्या गावातल्या दुकानदारांनी अनुभवातून काढलेली ही युक्ती कोणत्याही पुस्तकी सूचनेहून मोलाची होती.

तबकडीवरील आज्ञावली स्थापित होऊनही न चालण्याची कारणे अनेक असत. एखाद्या शैक्षणिक तबकडीला पडद्यावर नेमके २५६ रंग हवे असत व पडदा अधिक रंगांवर लावलेला असल्यास ती सुरूच होत नसे. म्हणजे यंत्र चांगले असणे हाच दोष ठरे. चलत्‌चित्र दाखविणारी जोड-आज्ञावली नसणे, किंवा नव्या तबकडीने सामायिक फाइलीवर जुनी प्रत लिहून दुसऱ्या आज्ञावली बिघडविणे, हेही नित्याचे प्रकार होते. अशा वेळी रोगाचा माग लावण्याऐवजी स्थायी चकती पुसून सर्व काही नव्याने घालणे हा उपाय सर्रास होई. ‘फॉरमॅट मारणे’ हा शब्दप्रयोग त्यामुळे घराघरांत रूढ झाला. उपाय हमखास होता, पण त्यापायी मुलांची पत्रे, शेताचे हिशोब, छायाचित्रे किती पुसली गेली याची मोजदाद कोणाकडेच नाही.

हवामान व वीज : यवतमाळमध्ये उन्हाळ्यात तापमान ४० अंश से. च्या पुढे जाते. बंद मोटारीत किंवा पत्र्याच्या छपराखाली राहिलेली तबकडी वाकते; वाकलेली तबकडी वेगाने फिरविली की डगमगते व किरणाचे केंद्र सुटते. घरी प्रत केलेल्या तबकडीत धातूच्या खाचांऐवजी सेंद्रिय रंगद्रव्याचा थर असतो आणि तो ऊन व उष्णता यांनी विटतो. कारखान्यात मुद्रित झालेली तबकडी व दुकानात प्रत केलेली तबकडी या दोन भिन्न वस्तू आहेत, हे फार थोड्यांना माहीत होते. जुनी वाचकयंत्रे प्रत केलेल्या तबकडीचे मंद परावर्तन कित्येकदा वाचूच शकत नसत. तबकडी एका घरी चाले, दुसऱ्या घरी चालत नसे, आणि दोष माथी येई तो ती देणाऱ्याच्या.

धुळीचा प्रश्न वेगळाच. दिवाळीनंतर कापसाचा हंगाम सुरू झाला, की जिनिंग कारखान्यांच्या आसपास हवेत बारीक तंतू तरंगत असतात. संगणकाचा पंखा हवा आत ओढून घेतो व तिच्याबरोबर येणारा थर वाचकयंत्राच्या भिंगावर बसतो. अशा यंत्रात गाण्याची तबकडी ठीक चाले, पण आज्ञावलीची तबकडी मध्येच अडे. लोकांना हे कोडे वाटे. कारण वर सांगितलेच आहे : ध्वनीत चूक खपते, आज्ञावलीत खपत नाही. भिंग कोरड्या मऊ कुंचल्याने हलकेच पुसणे पुरे होई. तबकडी पुसताना मात्र मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावी. गोल पुसल्यास पडणारा ओरखडा सर्पिल रेषेच्या दिशेनेच जातो आणि सलग माहिती बुडवितो, तर आडवा ओरखडा प्रत्येक वेढ्यातील थोडीच माहिती घालवितो व दुरुस्ती-स्तर ती भरून काढू शकतो. टूथपेस्ट लावून ओरखडे घासण्याचा घरगुती उपाय प्रचलित होता. मऊ पॉलिकार्बोनेट सौम्य घर्षकाने काही प्रमाणात गुळगुळीत होत असल्याने तो अगदीच निराधार नव्हता.

२००५ च्या सुमारास विदर्भाच्या ग्रामीण भागात भारनियमनामुळे दिवसातून अनेक तास वीज नसे. स्थापना अर्धी झाली असताना वीज गेली तर कार्यप्रणाली धड जुनी राहत नसे, धड नवी होत नसे. म्हणून मोठी स्थापना रात्री उशिरा, वीज नक्की असण्याच्या वेळी करण्याची प्रथा पडली. विद्युत्‌ दाबाच्या चढउतारांनीही उपद्रव होई. शिवाय संगणकाचे घड्याळ चालू ठेवणारा नाण्याच्या आकाराचा तीन व्होल्टचा घट संपला, की प्रत्येक प्रारंभाला तारीख कित्येक वर्षे मागे जाई. मुदतबंद आज्ञावली त्यामुळे नाकारली जाई आणि दोष तबकडीत शोधला जाई.

मराठी लेखनाच्या तबकड्या : यापुढचा भाग इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. संगणकावर भारतीय लिप्या आणण्याचे पायाभूत काम आयआयटी कानपूर येथे व पुढे पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्रात (सी-डॅक, स्थापना १९८८) झाले. तेथील ‘जिस्ट’ पट्टी संगणकात बसविल्यावर डॉसमध्येही देवनागरी लिहिता येई. इनस्क्रिप्ट कळपाट १९८६ मध्ये प्रमाणित झाला आणि इस्की ही सांकेतिक लिपी १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली. इस्कीत प्रत्येक वर्णाला एकच निश्चित क्रमांक होता व मजकूर टंकापासून स्वतंत्र होता. विचार शास्त्रशुद्ध होता, परंतु बाजाराने दुसरी वाट धरली.

विंडोजच्या प्रसाराबरोबर पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, सी-डॅकची आयएसएम, बंगलोरची आकृती अशा आज्ञावली तबकड्यांवरून आल्या. यवतमाळ जिल्ह्यातील मुद्रणालये, लग्नपत्रिका छापणारी दुकाने, शाळांच्या प्रश्नपत्रिका व स्थानिक साप्ताहिके यांचे मराठी या व अशा आज्ञावलींनी घडविले. टंकलेखन यंत्रावर हात बसलेल्यांना जुन्याच कळपाटीची सोय त्यांत असल्याने शिकणे सुलभ झाले. मात्र यांच्या टंकांची रचना सर्वस्वी निराळी होती. रोमन अक्षरांच्या क्रमांकांवरच क, अर्धा क, काना, वेलांटी यांची चित्रे बसविलेली असत. संगणकाच्या लेखी तो मजकूर रोमन अक्षरांचा व चिन्हांचाच. देवनागरी होती ती फक्त पडद्यावर दिसणारी आकृती. प्रत्येक निर्मात्याने चित्रे आपापल्या क्रमाने मांडली. परिणामी यवतमाळला टंकलिखित केलेला लेख पुसदच्या संगणकावर उघडला आणि तेथे तोच टंक नसला, की कंस, आकडे व रोमन अक्षरे यांची निरर्थक रांग दिसे. उपाय एकच : टंकाची फाइलही चकतीवर घालून बरोबर पाठविणे व ती ‘फॉन्ट्स’ या संचात उतरविणे. टंक उतरविताच तीच रांग वाचनीय मराठी होई, आणि पाहणाऱ्याला तो चमत्कार वाटे. शब्द शोधणे, अकारविल्हे लावणे ही संगणकाची सहज कामे मात्र अशा मजकुरावर धडपणे होत नसत. कोशकार्याला हे किती अडचणीचे, हे वेगळे सांगावयास नको.

यांपैकी अनेक आज्ञावलींबरोबर तबकडीखेरीज एक ‘कुलूप’ (डोंगल) येई. मुद्रणयंत्राच्या पंचवीस छिद्रांच्या खोबणीत ते लावून मुद्रणयंत्र त्याच्या मागे जोडावयाचे असे. कुलूप नसल्यास आज्ञावली उघडत नसे, किंवा उघडली तरी लेखन होत नसे. मुद्रणयंत्र बंद असल्यामुळे, खोबणीची कार्यरीत संगणकाच्या मूळ मांडणीत बदलली गेल्यामुळे, अथवा विंडोजची पुढची आवृत्ती घातल्यावर कुलपाची नियंत्रक आज्ञावली पुन्हा न बसविल्यामुळे ते ओळखले जात नसे. या तीन गोष्टी क्रमाने तपासल्या की बहुधा काम होई. कुलूप हरवले वा विजेच्या धक्क्याने जळले, तर मात्र विकत घेतलेली तबकडी हातात असूनही निरुपयोगी. ज्यांनी कुलूप फोडलेली विनापरवाना प्रत वापरली त्यांच्यावर वेगळी पाळी आली : पुढची आवृत्ती, दुरुस्ती वा रूपांतराचे साधन मागण्यास त्यांना जागाच नव्हती.

युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली. तिच्यातील देवनागरी इस्कीच्या १९८८ च्या रूपावर आधारलेली होती. विंडोजमध्ये ती विंडोज २००० पासून वापरता येऊ लागली. तिच्याबरोबर येणारा ‘मंगल’ हा टंक मराठी कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी रेखाटला होता. २००१ च्या विंडोज एक्सपीत मात्र मराठी आपोआप मिळत नसे. प्रादेशिक व भाषिक पर्यायांत जाऊन संयुक्त लिप्यांच्या चौकटीत खूण करावी लागे, आणि त्या क्षणी संगणक विंडोजची मूळ तबकडी मागे. तबकडीवरील ‘आय३८६’ हा संच दाखविल्याशिवाय पुढे जात नसे. ज्याच्याकडे तबकडी नाही त्याला स्वतःच्या यंत्रावर स्वतःची भाषा लिहिता येत नसे. मराठी युनिकोडचा प्रसार ग्रामीण भागात पाच-सहा वर्षे रेंगाळला, त्याच्या कारणांत ही एक खूण व ती एक तबकडी यांचा वाटा मोठा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. २००५ पासून केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञान विभागाने भारतीय भाषांची साधने तबकड्यांवर विनामूल्य वाटण्यास आरंभ केला. तमिळ व हिंदीनंतर मराठीचीही तबकडी निघाली.

युनिकोडनेही मराठीच्या सर्व गरजा एकदम भागल्या नाहीत. इंग्रजी शब्दांसाठी लागणाऱ्या ‘ॲ’ या स्वराला स्वतंत्र क्रमांक २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत मिळाला. तोपर्यंत ‘अ’वर चंद्र चढवून काम भागवावे लागे व या दोन रूपांचे शब्द संगणक वेगळे मानी. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेचे प्रमाणरूप ठरविले, त्यात ‘ल’ व ‘श’ यांची मराठी वळणे नमूद आहेत. परंतु पुष्कळ टंकांत दीर्घकाळ हिंदी वळणेच राहिली. जिल्ह्याच्या दक्षिण सीमेपलीकडील आदिलाबाद भागातील गुंजाळा येथे मिळालेल्या हस्तलिखितांवरून ज्ञात झालेली गोंडी लिपी युनिकोडमध्ये २०१८ साली समाविष्ट झाली. तोवर तबकडीचे युग संपले होते, आणि त्या युगातील एकाही लेखन-आज्ञावलीने या लिपीला जागा दिली नाही.

जुन्या तबकड्यांचे वाचन : २०१० नंतर विकल्या जाणाऱ्या संगणकांतून वाचकयंत्र हळूहळू नाहीसे झाले. आता जुनी तबकडी वाचावयाची तर यूएसबी जोडणीचे बाह्य वाचकयंत्र घ्यावे लागते. तबकडीतून फाइली सुट्या उतरविण्यापेक्षा तिची सबंध प्रतिमा (आयएसओ फाइल) करून ठेवणे श्रेयस्कर होय, कारण काही स्थापना-आज्ञावली तबकडीचे मूळ नाव तपासतात. वाचन अडल्यास वाचकयंत्राचा वेग कमी करावा. एक यंत्र हरले तर दुसऱ्या निर्मात्याचे वापरून पाहावे, कारण ओरखडा पचविण्याची शक्ती यंत्रागणिक फार भिन्न असते. तडा गेलेली तबकडी बावन्न पट वेगाच्या यंत्रात मुळीच घालू नये. कडेला मिनिटास सु. दहा हजार फेऱ्यांच्या वेगाने ती आतच फुटते.

विंडोज ९५ च्या काळातील पुष्कळ तबकड्यांवर आज्ञावली ३२ बिटांची असली तरी ती स्थापित करणारी आज्ञावली १६ बिटांची आहे, आणि ६४ बिटांच्या विंडोजवर तसली कोणतीही आज्ञावली चालत नाही. अशा वेळी तबकडी चांगली असूनही स्थापना पहिल्याच पावलाला थांबते. डॉसच्या आज्ञावलींसाठी २००२ पासून उपलब्ध असलेली डॉसबॉक्स ही अनुकारक आज्ञावली, व विंडोज ९८ किंवा एक्सपीसाठी संगणकाच्या आत चालविलेला आभासी संगणक, हे मार्ग आहेत. जुन्या मजकुरापुरते बोलावयाचे तर स्थापनेची गरज नेहमीच नसते. मूळ टंकाची फाइल मिळाली, तर मजकूर निदान वाचता येतो व छापता येतो, आणि टंकाचे नाव ठाऊक असल्यास युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत. रूपांतरात जोडाक्षरे, रफार व ऱ्हस्व वेलांटीची जागा यांत चुका राहतात. त्या मूळ छापील प्रतीशी ताडून हातानेच सुधाराव्या लागतात. टंकाचे नाव मजकुराच्या फाइलीत बहुधा नोंदलेले असते. साध्या मजकूर-फाइलीत मात्र ते नसते, आणि मग लेखकाने कोणत्या वर्षी कोणती आज्ञावली वापरली हे आठवून एकेक टंक लावून पाहावा लागतो. समांतर खोबणीचे कुलूप जपून ठेवणाऱ्यांनी त्याच्याबरोबर ती खोबणी असलेला एक जुना संगणकही चालू स्थितीत ठेवला पाहिजे. त्याचा घड्याळाचा घट दर काही वर्षांनी बदलावा, आणि पावसाळ्यात तो आठवड्यातून एकदा तासभर चालवावा.